पाच शिट्ट्या

रात्री दहाला दोन वाट्या काबुली चणे
पातेल्यात टाकले, वर दोन पेरं पाणी.
झाकण, आणि झाकणावर वरवंटा,
खिडकीतून मांजर येतं म्हणून.
मग खाकी ड्रेसला इस्त्री.

पहाटे निघताना झाकण उचलून पाहिलं.
रात्रभरात दुप्पट झाले होते,
एकमेकांना खेटून, गच्च,
सव्वानऊच्या कात्रज गाडीसारखे.
निषाद झोपलेला, पाय कॉटच्या बाहेर.
म्हणाला होता, उद्या भाजी मी करतो.
मी हो म्हटलं होतं,
जसं आपण म्हणतो.

पावणेदहाला फोन, गाडी पद्मावतीला.
ड्यूटीवर फोन घ्यायचा नसतो. घेतला.
आई, छोले कसे करतात?
छोले नाही रे, उसळ.
तेच ते.
तेच ते नाही. थांब, दोन स्वारगेट देते.

कांदा बारीक चीर. पुढे सरका, पुढे सरका,
दारात काय ठेवलंय?
आलं-लसूण खलबत्त्यात ठेच,
मिक्सरच्या भांड्याचा रबर सैल झालाय.
तेल तापू दे. चार दाणे जिरं टाकून बघ,
तडतडलं तर बाकीचं.
अहो आजोबा, पाचशेची मोड मी कुठून आणू?
नाही रे, तुला नाही.
हळद. तिखट दीड चमचा, बरणीतलं,
वेल्ह्याच्या मामाने दिलेलं.
पाकिटातलं नुसतं लाल असतं.
आणि कांदा नीट परतल्याशिवाय
तिखट टाकायचं नाही.

नीट म्हणजे किती?
कडेने तेल सुटतं. वास बदलतो.
कसा बदलतो?

लक्ष्मीनारायणचा सिग्नल लागला होता.
गाडीत कोणी बोलत नव्हतं.
सतरा वर्षं ज्या वासावर मी गॅस बारीक करते
त्याला माझ्याकडे नाव नाही.
कच्चा वास जातो, म्हटलं.
गेल्यावर काय येतो?
अरे, येतो तो कळतो.
स्वारगेट आलं. फोन ठेवला.

परतीच्या फेरीत पुन्हा.
आई, घोळ झाला.
पाच शिट्ट्या म्हणालीस ना,
वर पुंडेकाकूंचाही कुकर लागलाय,
आपल्या किती झाल्या कळत नाहीये.

मी इतकी मोठ्याने हसले
की लेडीज सीटवरच्या दोघी वळून बघायला लागल्या.
त्याला सांगायला हवं होतं,
नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात
शेजारच्या गाडीची डबल बेल ऐकून
माझ्या ड्रायव्हरने आमची गाडी काढली,
आणि मी खाली, कंट्रोलरच्या खिडकीशी,
हातात वेबिल.
पण पुढे धनकवडीचे शाळकरी चढले.
बंद कर आणि वाफ जिरू दे, एवढंच म्हणाले.
जोर करून उघडू नकोस.
भाजू नकोस.

तीनला घरी. दुसऱ्या जिन्यावरच वास आला
आणि मी थांबले,
चावी शोधतेय असं दाखवत.
आमच्या घरातून मी बाहेर असताना
असा वास कधी आला नव्हता.

तो अभ्यासिकेत गेला होता.
ताट झाकलेलं, वर वरवंटा.
कांदा जरा करपलाय. रस पातळ.
मीठ विसरला,
की मीच सांगितलं नव्हतं?

ओट्याच्या कडेला तीन चणे,
बोटाने दाबून पाहिलेले.
पहिल्याला नुसती चीर गेलेली.
दुसऱ्याच्या दोन फाका, मध्ये अजून कडक.
तिसरा पार पिठूळ, ओट्याला चिकटलेला.
म्हणजे कुकर तीनदा लावला.
गॅस जपून वापर, म्हणते मी नेहमी.

मीठ वरून घातलं, लिंबू पिळलं, भाकरी कालची होती.
पण त्याआधी,
पिशवी खांद्यावरच,
ते तिन्ही खाल्ले.
चीर गेलेला पहिला.